सोळा तास : मुंडक्काईचा घटनाक्रम

१९८४

केरळच्या वायनाड जिल्ह्यात, मेप्पाडी पंचायतीच्या हद्दीत, मुंडक्काईच्या वरच्या डोंगरातून दरड आली. १४ माणसं गेली.

वर वेल्लरमला डोंगराचं सदाहरित जंगल, त्याखाली चहाचे आणि वेलदोड्याचे मळे, मळ्यांच्या कडेने मजुरांच्या चाळी आणि या सगळ्यामधून वाहणारी पुन्नपुळा नदी. नदीच्या वरच्या अंगाला पुंचिरिमट्टम, मग मुंडक्काई, त्याखाली चूरलमला. दरडीची वाट काही पावसाळ्यांत झाडीने झाकली. वस्ती नदीकाठीच राहिली आणि पुढची चाळीस वर्षं वाढत गेली.

३१ ऑगस्ट २०११

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट परिसंस्था तज्ज्ञ गटाने आपला अहवाल केंद्र सरकारला दिला. मेप्पाडी ज्या तालुक्यात येते तो वैत्तिरी तालुका पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या क्षेत्रात घातला होता. अशा क्षेत्रात नव्या खाणी नकोत, जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला देऊ नये, तीव्र उतारावर दरवर्षी माती उकरावी लागणारी पिकं कमी करत जावीत, असं त्यात लिहिलं होतं.

केरळात विरोध झाला, महाराष्ट्रातही झाला. अहवालाचा फेरविचार करण्यासाठी कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. त्याने २०१३ मध्ये संवेदनशील क्षेत्र बरंच आक्रसून सुचवलं. १० मार्च २०१४ रोजी अधिसूचनेचा पहिला मसुदा निघाला. तो अंतिम झाला नाही.

३० जुलै २०१४, बुधवार

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर सकाळी डोंगर आला. त्या बाजूला गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही. बातमी बाहेर आली ती तिथून. १५१ मृतदेह काढले गेले.

वायनाडच्या घटनाक्रमात माळीणची नोंद दोन कारणांनी येते. डोंगर एकच आहे, सह्याद्री. आणि पुढे तारीखही तीच येणार आहे.

८ ऑगस्ट २०१९, गुरुवार

मुंडक्काईपासून काही किलोमीटरवर, त्याच मेप्पाडी पंचायतीत, पुत्तुमला इथे चहामळ्याचा उतार सुटला. १७ माणसं गेली. पाच जणांचे मृतदेह मिळाले नाहीत.

ऑगस्ट २०२०

कल्पेट्टाच्या ह्यूम सेंटर या संस्थेने वायनाडभर पर्जन्यमापक बसवायला सुरुवात केली होती. पुढे त्यांची संख्या २०० च्या वर गेली. रोजचा पाऊस गोळा करायचा, जिल्ह्याच्या नकाशावर चौकोन पाडून कुठल्या चौकोनात धोका वाढतोय ते पाहायचं आणि प्रशासनाला कळवायचं, अशी कामाची पद्धत.

त्या ऑगस्टमध्ये मुंडक्काईच्या वरचा आकडा धोक्याचा दिसला. संस्थेने कळवलं. प्रशासनाने माणसं हलवली. लहान दरड आली. कोणी मेलं नाही.

या घटनाक्रमातली ही सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. मोजलेला पाऊस, दिलेला निरोप आणि रिकामी केलेली घरं ही साखळी याच गावात एकदा पूर्ण झाली होती.

२०२३

उपग्रहाने काढलेल्या वेल्लरमलाच्या चित्रात सुमारे १,५५० मीटर उंचीवर जुन्या दरडीचा व्रण दिसत होता. इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने तो पुढच्या वर्षी, दुर्घटनेनंतरच्या अभ्यासात दाखवला.

१९ जुलै २०२४, शुक्रवार

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्राचं कोलकात्यात उद्घाटन झालं. दार्जिलिंग, कालिम्पोंग आणि निलगिरी या जिल्ह्यांना त्याचे नियमित इशारे मिळणार होते. वायनाडसाठीचं काम प्रायोगिक अवस्थेत होतं.

अकरा दिवस उरले होते.

२८ जुलै, रविवार

पावसाळ्याचे दोन महिने होत आले होते. माती आधीच भिजलेली होती.

पुत्तुमलाच्या पर्जन्यमापकावर दिवसभरात सुमारे २०० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. २०० मिलिमीटर म्हणजे एका हेक्टरवर २० लाख लिटर.

सदाहरित जंगलाच्या उतारावर यातलं फार थोडं पाणी डोळ्यांना दिसतं. पानांचे थर थेंबाचा जोर मोडतात, पाचोळा उरलेला मार झेलतो, मुळांनी आणि वाळवीने केलेल्या वाटांनी पाणी आत उतरतं. उघड्या शेतावरून पाणी लाल होऊन धावतं तेव्हा अशा जंगलातून निघणारा ओहोळ पुष्कळदा निवळ असतो. पाहणाऱ्याला वाटतं, डोंगराने पाऊस पचवला.

डोंगराने तो साठवलेला असतो. खाली कातळ, त्यावर हजारो वर्षांत कुजून झालेली जाड माती. पाणी कातळापर्यंत पोहोचतं, पुढे जायला वाट मिळत नाही, तेव्हा तिथे साचून वर चढू लागतं. ओलसर मातीचे कण एकमेकांना धरून असतात. मधल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ती पकड जाते आणि पाणी कणांना आतून रेटू लागतं. उताराचं वजन वाढत असतं आणि त्याला धरून ठेवणारा जोर कमी होत असतो.

२९ जुलै, सोमवार, पहाटेपर्यंत

पुत्तुमलाच्या केंद्रावर रात्रीत आणखी सुमारे १३० मिलिमीटरची भर पडली.

सकाळी साडेआठच्या सुमारास

भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. पर्जन्यमापकातलं पाणी खुणांच्या काचेच्या मापात ओततात, पाण्याची कड डोळ्याच्या रेषेत आणून आकडा वाचतात, वहीत लिहितात, भांडं रिकामं करून परत ठेवतात. मागच्या चोवीस तासांचा पाऊस म्हणून तो आकडा पुढे जातो.

मुंडक्काई परिसराचा सरकारी आकडा होता २०० मिलिमीटर.

हवामान खात्याच्या वर्गवारीत चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति मुसळधार, रंग नारिंगी. त्यापुढे अतितीव्र, रंग लाल. पडून गेलेला पाऊस लाल रेषेच्या चार मिलिमीटर अलीकडे थांबला होता. पुढच्या चोवीस तासांसाठी वायनाडला इशारा होता नारिंगी.

हे रंग एका दिवसाच्या पावसाचे आहेत. डोंगर मात्र कालचा आणि परवाचा पाऊसही पोटात धरून असतो.

सकाळी ९.३०

ह्यूम सेंटरने जिल्हा प्रशासनाला कळवलं. पुत्तुमलाच्या केंद्रावरचा पाऊस वाढतो आहे, एकूण पाऊस ६०० मिलिमीटरच्या घरात गेला तर दरडी कोसळू शकतात, मुंडक्काईच्या बाजूला धोका आहे, असा त्या निरोपाचा आशय होता.

दरड कोसळायला सुमारे सोळा तास होते. उजेडाचे त्यातले नऊ.

चूरलमलाहून मेप्पाडी गाडीरस्त्याने जवळ आहे. पूल उभा होता. रस्ता चालू होता.

दुपार

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ३० आणि ३१ जुलैसाठीचं अनुमान आलं. वायनाडपुढे रंग होता हिरवा. त्या श्रेणीचा अर्थ असा की लहान दरडी किंवा दगड निसटण्याच्या घटना होऊ शकतात.

केंद्रीय जल आयोगाने २३ ते २९ जुलै या आठवड्यात खालच्या अंगाच्या चालियार नदीसाठी पुराचा इशारा दिला नव्हता, असं केरळच्या मुख्यमंत्र्यांनी नंतर सांगितलं.

आता जिल्ह्यापुढे तीन कागद होते. हवामान खात्याचा नारिंगी. भूवैज्ञानिकांचा हिरवा. आणि एका स्थानिक संस्थेचा, रंग नसलेला, पण मुंडक्काईच्या शेजारच्या मापकावर मोजलेला आकडा. पहिले दोन अख्ख्या जिल्ह्यासाठी होते. तिसरा एका खोऱ्याचा होता.

दुपारनंतर

माती भरली की उताराचा स्वभाव बदलतो. सकाळपर्यंत मुरणारं पाणी आता मुरत नाही. पडणारा जवळजवळ प्रत्येक थेंब वरूनच वाहू लागतो. एरवी कोरडे असणारे ओघळ जागे होतात. ते काठ खातात, काठाबरोबर माती आणि दगड घेतात, खालच्या ओहोळाला मिळतात. ओहोळ तळ खरवडतो.

मळ्यांच्या पट्ट्यात हे आणखी लवकर होतं. चहाची मुळं झुडपाला धरतात, पण जुन्या जंगलासारखं जाळं विणत नाहीत. रस्त्यासाठी कापलेला उतार खालचा आधार काढून घेतो, आणि मोरीपाशी एकवटलेलं पाणी एकाच जागी माती उकरतं. १९५० ते २०१८ या काळात वायनाडचं वनाच्छादन ६२ टक्क्यांनी घटल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो.

तरी या दरडीचा उगम मळ्यात नव्हता. तो वर, जंगलात होता. झाडाची मुळं वरच्या काही हातांची माती बांधतात. सरकण्याची पातळी त्याखाली गेली की झाडं मातीसकट निघतात. जंगल पावसाची धार मोडतं, धूप रोखतं, वेळ देतं. तो वेळ वापरायचा की नाही हे खालच्या माणसांना ठरवावं लागतं.

संध्याकाळ

नदी गढूळ होती. पावसाळ्यात नदी गढूळ असतेच, त्यामुळे तिचा रंग कधी इशारा ठरतो हे सांगणं अवघड असतं.

कोकणात आणि घाटमाथ्यावर दरडीच्या खुणा माणसांना माहीत आहेत. जिथे कधी नव्हते तिथे उमाळे फुटतात. झरा अचानक आटतो, किंवा निवळ झऱ्याला माती लागते. झाडं, खांब कलतात. घराचं दार चौकटीत अडकायला लागतं. या सगळ्या खुणा पाहायला उजेड लागतो, आणि उतारावर जाऊन पाहणारं माणूस लागतं. मुंडक्काईची दरड जिथून निघायची होती ती जागा वस्तीच्या कितीतरी वर, जंगलात होती. घराच्या ओट्यावरून तिथलं काही दिसत नव्हतं.

पुंचिरिमट्टममधली काही कुटुंबं नदीपासून लांब गेली. बाकीची घरी राहिली. १९८४ ची दरड ज्यांनी पाहिली होती ती माणसं आता म्हातारी होती. २०२० मध्ये सगळे घरं सोडून गेले होते, लहान दरड आली होती आणि परत आल्यावर घरं उभी होती. ज्या हलवण्याने जीव वाचले, त्याच हलवण्याची आठवण चार वर्षांनी अशीही राहू शकते, की तेव्हा काही झालं नव्हतं.

खालच्या चूरलमलात बाजार होता, शाळा होती, देऊळ आणि मशीद होती. वरच्या वस्तीतल्या माणसाला सुरक्षित वाटावी अशी ती जागा होती.

रात्री

पाऊस थांबला नाही. चोवीस तासांत ३७२ मिलिमीटर होईल असा तो पडत होता. तो आकडा कोणाच्याही हातात नव्हता, कारण त्याचे चोवीस तास अजून भरायचे होते. भरले तेव्हा डोंगर खाली आलेला होता.

दोन दिवसांची बेरीज ५७२ मिलिमीटर. जो उतार सुटणार होता त्याचं क्षेत्र नंतर ८६,००० चौरस मीटर मोजलं गेलं. एवढ्या जागेवर दोन दिवसांत पडलेलं पाणी सुमारे ४ कोटी ९० लाख लिटर होतं. वरच्या उतारांवरून त्यात उतरलेलं पाणी वेगळं.

३० जुलै, मंगळवार, मध्यरात्रीनंतर १ ते २

सुमारे १,५५० मीटर उंचीवर उतार सुटला.

माती, दगड, मुळासकट झाडं नदीच्या पात्रात उतरली आणि पाण्याशी मिळाली. यापुढे ती दरड राहिली नाही. घट्ट राडा झाला, आणि असा राडा पाण्यापेक्षा जड असतो. नुसत्या पुराला न हलणारे घराएवढे दगड तो वाहून नेतो. वाटेत काठ कापत, तळ उचलत तो वाढत जातो.

पुंचिरिमट्टम आणि मुंडक्काईची नदीकाठची घरं पहिल्या लोटात गेली. बहुतेक माणसं झोपेत होती.

२ च्या सुमारास

चूरलमलात पाणी आणि चिखल घरांत शिरला. मदतीसाठी फोन जाऊ लागले. ज्यांना जमलं ते वरच्या अंगाच्या घरांत गेले. शेजाऱ्यांना काढायला काही माणसं अंधारात परत खाली उतरली.

बचाव पथकं निघाली. रस्त्यावर झाडं आडवी पडली होती. ती कापत, बाजूला सारत पुढे यावं लागत होतं.

२ ते ४

वर काय चाललं होतं ते नंतरच्या पाहणीत पुढे आलं. नदीच्या अरुंद जागेत ओंडके आणि दगड अडकले. मागे पाणी तुंबलं. नदीला एक कच्चा बांध तयार झाला.

खाली पाण्याचा जोर कमी झाल्यासारखा वाटला असेल, तर त्याचं कारण हे होतं.

पहाटे ४.१०

दुसरा लोट आला. पहिल्यापेक्षा मोठा.

तो चूरलमलाच्या बाजारातून गेला. नदीने जुनं पात्र सोडलं आणि वस्तीतून नवं पात्र काढलं. तिथल्या वेल्लरमला शाळेच्या इमारतीला ओंडके आणि दगड भिडले. पहिल्या लोटानंतर ज्या घरांत माणसं आसऱ्याला जमली होती त्यांतली काही घरं या लोटात गेली.

चूरलमलाचा पूल वाहून गेला. मुंडक्काई आणि अट्टमलाला जोडणारा तो पूल होता. पलीकडे किती माणसं जिवंत आहेत हे कळायला आता मार्ग नव्हता.

सकाळी ६

हवामान खात्याने वायनाडसाठी लाल इशारा दिला.

सकाळ

मलप्पुरम जिल्ह्यात, चालियार नदीत, पोथुकल्लच्या काठावर मृतदेह येऊ लागले. मधलं अंतर कित्येक किलोमीटरचं, जंगलातलं, धबधब्यांचं. त्या काठावरच्या गावकऱ्यांना दुर्घटना किती मोठी आहे हे मेप्पाडीच्या आधी दिसलं.

दुपार ते संध्याकाळ

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची माणसं दोर लावून नदीपलीकडे गेली. जखमींना दोरावरूनच आणलं गेलं. पावसामुळे आणि ढगांमुळे हेलिकॉप्टर दिवसभर उतरू शकलं नाही. उतरलं ते संध्याकाळी.

अंधार पडला तेव्हा मृतांचा आकडा १०० च्या पुढे गेला होता आणि मुंडक्काईचा बराचसा भाग अजून पाहायचा बाकी होता.

माळीणला त्या दिवशी दहा वर्षं पूर्ण झाली.

३१ जुलै, बुधवार

इशारा कोणी, कधी, कोणत्या रंगात दिला यावर दिल्ली आणि तिरुवनंतपुरममध्ये वाद झाला. केंद्रीय गृहमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की केरळला २३ जुलैपासून पूर्वसूचना दिल्या होत्या. मुख्यमंत्र्यांनी उत्तर दिलं की दुर्घटनेआधी या भागासाठी लाल इशारा एकदाही नव्हता, अंदाज ११५ ते २०४ मिलिमीटरचा होता आणि पडला ५७२.

सकाळी साडेनऊचा तिसरा कागद या वादात मागे पडला.

त्याच तारखेला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा काढला. सहाव्यांदा. सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र. केरळातलं ९,९९३, त्यात वायनाडमधली १३ गावं. महाराष्ट्रातलं १७,३४०. गोव्यातलं १,४६१. हरकतींसाठी मुदत ६० दिवस.

१ ऑगस्ट, गुरुवार, संध्याकाळी ५.३०

लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने चूरलमलात १९० फूट लांबीचा बेली पूल उभा केला. भार पेलण्याची क्षमता २४ टन. या कामावर मेजर सीता शेळके होत्या, पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या. पाऊस, चिखल आणि जागेची अडचण असताना जवानांनी रात्रंदिवस हे काम केलं.

जेसीबी आणि रुग्णवाहिका आता मुंडक्काईत जाऊ शकत होत्या. दुसरा लोट येऊन तीन दिवस आणि दोन रात्री होत आल्या होत्या.

ऑगस्टचा पहिला आठवडा

ओळख न पटलेल्या मृतदेहांचं आणि अवयवांचं दफन सुरू झालं. प्रत्येक जागेवर डीएनए नमुन्याचा क्रमांक लिहिला गेला, पुढे ओळख पटली तर नाव देता यावं म्हणून. त्यासाठी जमीन मिळाली ती पुत्तुमलामध्ये, २०१९ च्या दरडीच्या गावात.

१४ ऑगस्ट

वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटाने विश्लेषण प्रसिद्ध केलं. दोन महिन्यांच्या पावसाने भिजलेल्या, सहज धुपणाऱ्या मातीवर एका दिवसात, जिल्ह्याच्या सरासरीने, १४० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. तापलेल्या हवामानामुळे तो सुमारे १० टक्क्यांनी अधिक तीव्र झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता.

सुदूर संवेदन केंद्राने मोजलं होतं की राडा सुमारे ८ किलोमीटर वाहत गेला. जुन्या दरडीचा व्रण जिथे होता, तिथूनच तो निघाला.

जानेवारी २०२५

सापडत नसलेल्या ३२ जणांना राज्य सरकारने मृत मानलं. एकूण आकडा २९८ झाला.

इथून पुढे

या घटनाक्रमात कोणत्याही एका जागी सगळं चुकलं असं नाही. पाऊस मोजला गेला होता. तो कळवला गेला होता. जुना व्रण चित्रात होता. १९८४, २०१९ आणि २०२० या तीन नोंदी त्याच पंचायतीच्या होत्या. तुटली ती शेवटची कडी : एका खोऱ्याचा आकडा ठरावीक रेषेपलीकडे गेला, की जिल्ह्याच्या रंगाची वाट न पाहता त्या खोऱ्यातली घरं रिकामी करण्याचा हुकूम. २०२० मध्ये ती कडी जुळली होती, कारण त्या दिवशी कोणीतरी तसा निर्णय घेतला. निर्णय माणसाच्या मर्जीवर राहिला की तो एखाद्या वर्षी होतो आणि एखाद्या वर्षी होत नाही.

महाराष्ट्रात माळीणनंतर २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये झालं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी झाली. प्रत्येक वेळी महिना जुलै. इर्शाळवाडीत २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं बेपत्ता राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत ती वाडी नव्हती.

यादी जिल्ह्याची असते, इशारा जिल्ह्याचा असतो, दरड मात्र एका ओघळाची असते. म्हणून सह्याद्रीतल्या प्रत्येक धोक्याच्या खोऱ्यात पर्जन्यमापक हवा, तो रोज वाचणारं गावातलं माणूस हवं, दोन आणि तीन दिवसांच्या बेरजेची रेषा आधी ठरलेली हवी. रात्र काढायला पक्की जागा हवी, आणि ती नदीच्या वाटेवर नसावी. दहा वेळा घरं सोडून नऊ वेळा काही झालं नाही, तरी दहाव्या वेळेसाठी नऊ दिवसांची बुडालेली मजुरी सरकारने भरून द्यायला हवी, नाहीतर हातावर पोट असलेली माणसं हलणार नाहीत.

आणि सकाळी साडेनऊला आकडा आला, तर दुपारपर्यंत वस्ती रिकामी करण्याचा हुकूम कोणी द्यायचा, त्या अधिकाऱ्याचं पद पावसाळा सुरू होण्याआधी कागदावर लिहिलेलं हवं. तलाठी असो, तहसीलदार असो, सरपंच असो. तो हुकूम द्यायला त्याला वरच्या कोणाला विचारावं लागू नये.